कालप्रवासाचा तो जुना गेम आणि 'गांधी बोनस': कुणाला आठवतोय का?

पहिलं_रेल्वेगेट
मंडळी, पंचवीस-सव्वीस वर्षांची एक पैज मिटवायची आहे. नाव माहीत नसलेला एक गेम शोधतोय.

साल १९९८, महिना जुलै. बेळगावचा पाऊस पाहिलेल्यांना सांगायला नको, जूनमध्ये लागला की गणपतीपर्यंत टॉवेल वाळत नाही. मी अकरावीत. टिळकवाडीत पहिल्या गेटाजवळ एका घराच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास होता. चपला बाहेर, पाय पुसून आत. सात मशिनी, त्यातल्या सहांवर डॉस आणि फॉक्सप्रो. सातवं मात्र 'मल्टिमीडिया': सीडी ड्राइव्ह, साउंड कार्ड, दोन टीचभर स्पीकर, आणि वर देवघराला घालतात तसं शिवलेलं झाकण. सरांच्या कुणा नातेवाइकानं अमेरिकेतून आणलेल्या सीड्यांचा एक डबा त्या टेबलाच्या खणात होता. सर दुपारी जेवायला गेले की मी आणि माझा मित्र (त्याला इथं 'भिडू' म्हणू) झाकण काढायचो.

त्यातला हा गेम. सुरुवात आपल्या घरात होते, आणि घर आहे आभाळात तरंगणाऱ्या शहरात. पडद्याच्या मधोमध लहानशी चौकट, तिच्यातच चित्र दिसायचं, भोवती सगळी बटणं. एक पाऊल टाकायचं तर क्लिक करून थांबायचं, सीडी घरघरायची, मग पुढचं चित्र. कामाला जायचं, कार्यालय काळावर पहारा ठेवणाऱ्यांचं. तिथं भोंगा वाजतो: कुणीतरी भूतकाळात ढवळाढवळ केलीय आणि बदलाची लाट आपल्याकडं येतेय. ती यायच्या आत कालयंत्रात शिरायचं.

आमचं मशीन इतकं मंद, की ती लाट दर वेळी आम्हाला गाठायची. मरायचो असं नाही हो. आम्ही मुळात जन्मलेलोच नसायचो! पंधरा दिवस रोज दुपारी आम्ही जन्मलो नाही. एकदाच कसेबसे यंत्रात शिरलो आणि थेट डायनोसॉरच्या काळात उतरलो. तेवढ्यात जिन्यावर सरांची छत्री झटकल्याचा आवाज आला.

दिवाळीच्या सुट्टीत भिडू पुण्याला मावशीकडं गेला. परत येऊन सांगतो, तिथं शेजाऱ्यांकडं हाच गेम होता, मी पुरा केला, आणि शेवटी 'गांधी बोनस' मिळाला. म्हणजे मारामारी न करता काम केलं तर महात्मा गांधींच्या नावानं जादा गुण. मी म्हटलं, लेका, काँग्रेस विहिरीवरून रोज सायकल हाणतोस म्हणून काहीही फेकतोस काय? अमेरिकेतला गेमवाला गांधींच्या नावानं मार्क देईल? अर्धा किलो कुंद्याची (आमच्या बेळगावची मिठाई) पैज लागली. सिद्ध कुणालाच करता आलं नाही. आता दोघंही पन्नाशीकडं झुकलोय, तो आखातात आहे, आणि दर गणपतीला फोनवर हा विषय निघतोच.

तर गेमचं नाव काय, आणि गांधी बोनस खरा की भिडूची थाप?

खानापुरी_पाऊस
गेम माहीत नाही, पण छत्रीचा आवाज काळजाला भिडला. आमच्याकडं सर बुलेटवरून यायचे, त्यामुळं निदान दोन मिनिटं आधी कळायचं.

फ्लॉपीवाला
'फ्यूचर वॉर्स' असेल काय? १९८९चा, डेल्फीन नावाच्या फ्रेंच कंपनीचा. उंच इमारतीच्या खिडक्या पुसणारा एक जण असतो, साहेबाच्या ऑफिसात नको तिथं शिरतो, तिथं कालयंत्र सापडतं आणि थेट मध्ययुगात जाऊन पडतो. उचलायच्या वस्तू मोहरीएवढ्या, मॉनिटरला नाक लावून शोधायच्या. कालप्रवास म्हटलं की मला तोच आठवतो.

पहिलं_रेल्वेगेट
नाही हो. खिडक्या पुसणं नव्हतं. यात आपण सरकारी माणूस. आणि आपण स्वतः दिसतच नाही, सगळं आपल्याच डोळ्यांनी बघायचं.

फ्लॉपीवाला
आपल्याच डोळ्यांनी, चौकट, सीडी, तरंगतं शहर, सरकारी माणूस... थांबा थांबा. 'द जर्नीमन प्रोजेक्ट'! शंभर टक्के. आधी फ्यूचर वॉर्स लिहिलं याची लाज वाटतेय.

सॅन दिएगोच्या प्रेस्टो स्टुडिओजनं १९९३ला आधी मॅकिंटॉशवर आणला. तुमचं मशीन मंद होतं हे खरं, पण सगळा दोष त्याचा नाही. मूळ गेमच इतका रेंगाळायचा की १९९४मध्ये त्यांना सुधारलेली 'टर्बो' आवृत्ती काढावी लागली. १९९७ला 'पेगॅसस प्राइम' या नावानं अख्खा गेम नव्यानं केला, पण तेव्हा विंडोजवर तो आला नाही. तुमच्या क्लासात विंडोज असणार, म्हणजे तुम्ही बघितलात तो पहिला किंवा टर्बो.

गोष्ट अशी. साल २३१८. आपण टेम्पोरल सिक्युरिटी एजन्सीचे एजंट क्रमांक ५, गेज ब्लॅकवूड. शहराचं नाव कॅल्डोरिया. परग्रहावरची मंडळी पृथ्वीला आपल्या संघात घेणार, त्याचा सोहळा तोंडावर आलाय. हे घडू नये म्हणून कुणीतरी तीन रोबॉट तीन वेगवेगळ्या काळांत पाठवलेत: एक मंगळावरच्या वसाहतीत, एक समुद्राखालच्या क्षेपणास्त्र तळावर, एक विज्ञानकेंद्रात. त्या तिन्ही ठिकाणी काही विपरीत घडलं तर माणसं परक्यांना दारात उभं करणार नाहीत, असा डाव. आपण मागं जाऊन तो हाणून पाडायचा. डाव कुणाचा ते सांगत नाही, खेळून बघा.

डायनोसॉरचा काळ कशाला, तर ही या गेममधली माझी सगळ्यात आवडती कल्पना आहे. इतिहास बदलला की त्याची नोंदही बदलणार. मग मुळात काय घडलं होतं हे कळायचं कसं? म्हणून एजन्सीनं इतिहासाची एक तबकडी वीस कोटी वर्षांपूर्वी नेऊन ठेवलीय. त्याच्या मागं जाऊन कोण ढवळणार? आधी ती आणायची, बदललेल्या इतिहासाशी ताडून बघायची, मग कुठं जायचं ते ठरतं.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक काळातला पेच दोन तऱ्हांनी सुटतो, दांडगाईनं किंवा डोक्यानं. डोक्यानं सोडवला तर जादा गुण. आणि हो, त्या गुणांचं नाव गांधी बोनस. भिडू जिंकला, कुंदा काढा.

खानापुरी_पाऊस
काय सांगता! गेम अमेरिकेचा आणि बोनस गांधींचा!

पहिलं_रेल्वेगेट
मला जरा पाणी प्यायला द्या. पंचवीस वर्षं मी त्या माणसाला फेकाडा म्हणालोय. त्याच्या लग्नात, त्याच्या सासऱ्यांसमोर म्हणालोय.

आणि गांधींचं नाव कुठं मिळालं बघा. बाहेरच्या लोकांसाठी लिहितो: काँग्रेसच्या इतक्या अधिवेशनांतलं गांधीजी स्वतः अध्यक्ष असलेलं एकच, डिसेंबर १९२४चं, आमच्या टिळकवाडीतलं. त्यासाठी खोदलेली विहीर अजून आहे, जवळच वीरसौध हे अधिवेशनाचं स्मारक आहे, रस्त्याचं नावच काँग्रेस रोड. आमचा क्लास तिथून चालत पाच मिनिटं. सरांची नजर चुकवून आम्ही बंदूक कुठं मिळते ते शोधत होतो आणि गेम म्हणत होता, गांधी मार्गानं ये.

पण 'कुणीतरी सांगितलं' यावर कुंदा देणार नाही. स्वतः खेळून, डोळ्यांनी बघून मगच. आजच्या लॅपटॉपवर चालेल काय?

फ्लॉपीवाला
जुनी सीडी सापडली तरी थेट चालणार नाही. १६ बिटी प्रोग्रॅम ६४ बिटी विंडोजवर उघडतच नाहीत. त्यापेक्षा 'पेगॅसस प्राइम' घ्या. जीओजी या ऑनलाइन दुकानात विकत मिळतो आणि स्कमव्हीएम या फुकट प्रोग्रॅमवर विनातक्रार चालतो. चित्रं जास्त, हालचाल जास्त, आणि घरातल्या यंत्रातून संत्र्याचा रस काढून पिता येतो. (त्याचा उपयोग विचारू नका.)

दोन गोष्टी सांगून ठेवतो. मंगळावर मुखवटा सापडेल, त्यात हवा भरून घ्या. खाणीच्या चक्रव्यूहात त्याच्याविना दम कोंडून मराल. समुद्राखालच्या तळावर गॅस सोडलेला असतो, तिथंही तोच लागतो. म्हणजे 'कुठल्याही क्रमानं जा' असं गेम म्हणत असला तरी आधी मंगळ. आणि विज्ञानकेंद्रात पोचल्या पोचल्या विषारी बाण लागतो, तेव्हा घाबरून परत फिरू नका. उतारा तिथंच प्रयोगशाळेत रेणू जुळवून करायचा असतो.

बारावी_नापास_शास्त्रज्ञ
गर्दीच्या विरुद्ध बोलतो, माफी असावी. मी हा गेम खेळलोय. देखणा आहे, कल्पना दांडगी आहे, पण *कालप्रवासाचा* गेम म्हणून कच्चा आहे. मंगळावर काही केलं त्याचा परिणाम विज्ञानकेंद्रात दिसत नाही. तिन्ही काळ म्हणजे तीन वेगळ्या खोल्या. २११२ ऐवजी 'तळमजला' आणि २१८५ ऐवजी 'माडी' लिहिलं तरी काही बिघडत नाही.

खरा कालप्रवास बघायचा तर त्याच वर्षीचा लुकासआर्ट्सचा 'डे ऑफ द टेंटॅकल' बघा. तीन पात्रं, एक आजच्या काळात, एक दोनशे वर्षं मागं, एक दोनशे वर्षं पुढं. लहान वस्तू संडासाच्या भांड्यात टाकून एकमेकांना पाठवायच्या! पुढच्या काळातली मुलगी झाडाला अडकलीय. झाड नाहीसं करायचं तर मागच्या काळातल्यानं काय करायचं? झाडावरच्या फळांना लाल रंग लावायचा. जॉर्ज वॉशिंग्टनला वाटतं चेरीचं झाड आहे, आणि चेरीचं झाड तोडण्याची त्याची ख्याती. तो तोडतो, दोनशे वर्षं पुढं मुलगी धपकन खाली पडते. कारण तिकडं, परिणाम इकडं. याला म्हणतात कालप्रवास.

फ्लॉपीवाला
मुद्दा बरोबर आहे, कोड्यांच्या बाबतीत तर निर्विवाद. पण दोन्हींची वृत्तीच वेगळी. टेंटॅकलमध्ये इतिहास म्हणजे खेळणं, आपल्या सोयीसाठी मोडा-जोडा. जर्नीमनमध्ये आपण दुरुस्ती खात्यातले. आपलं काम नीट झालं तर काही झालं होतं हेच कुणाला कळणार नाही. लाइनमनसारखं. दिवे चालू असले की त्याचं नाव कोण काढतो?

बारावी_नापास_शास्त्रज्ञ
लाइनमनचा दाखला खानापूरवाल्यांना देऊ नका.

खानापुरी_पाऊस
देऊ नकाच. धागा वाचता वाचता दोनदा वीज गेली.

निवृत्त_मास्तर
निपाणीहून लिहितो आहे. वय ७७. गेम वगैरे आम्हास कळत नाहीत, नातवाने धागा वाचून दाखवला. पण ती 'लाट' मला कळली.

मी बेळगावजवळच्या खेड्यातला. १९५६ साली दुसरीत होतो. ३१ ऑक्टोबरला रात्री मुंबई राज्यात झोपलो आणि १ नोव्हेंबरला सकाळी म्हैसूर राज्यात उठलो. घर तेच, गोठा तोच, विहीर तीच. माझी आत्या चंदगडला दिलेली. तोवर चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होते, ते कोल्हापूरकडे गेले. म्हणजे आत्याचे घर आमच्या जिल्ह्यातून आणि राज्यातूनही एका रात्रीत बाहेर. ती मात्र पूर्वीसारखीच काजू घेऊन यायची. पुढे सीमावादासाठी महाजन आयोग आला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. २०१४ साली गावाचे नावही 'बेळगावी' झाले. मी एका जागी बसूनच एवढा प्रवास केला, यंत्र लागले नाही.

नातू म्हणतो, आजोबा, तुम्हाला यंत्र मिळाले तर १९५६मध्ये जाऊन काय कराल? मी म्हटले, आत्याकडे जाईन.

खानापुरी_पाऊस
मास्तर, नमस्कार. ती वीस कोटी वर्षांपूर्वीची तबकडी असते ना, सीमाप्रश्नाची फाईलही तिथंच ठेवायला हवी होती. निदान तिला वाळवी लागली नसती.

गोकाकचा_करदंट
माझी मातृभाषा कन्नड, मराठी गल्लीत शिकलेली, चुका पोटात घाला. मास्तरांच्या आत्याची गोष्ट आमच्या घरी उलट्या दिशेनं आहे. आजीचं माहेर सोलापूरकडचं. ती तिथल्या कन्नडात बोलायची आणि इकडं सगळे तिला हसायचे.

गेमबद्दल एक बोलतो. त्यातला जो खलनायक आहे त्याला मनापासून वाटतं की आपण जगाला वाचवतोय. म्हणून तो मला आवडला. आमच्या बाजूला चहाच्या टपरीवर इतिहास दुरुस्त करायला निघालेले रोज चार जण भेटतात, दोन माझ्या भाषेतले, दोन तुमच्या.

संपादक
सूचना: मास्तरांचा आणि करदंट यांचा प्रतिसाद ठेवला आहे, त्यानंतरचे अकरा उडवले आहेत. सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागे आहेत. इथे गेम.

कमळबस्ती
उशिरा आलो. मी यातला दुसरा भाग खेळलोय, 'बरीड इन टाइम', १९९५चा. माझ्या मते पहिल्यापेक्षा कितीतरी सरस, आणि शास्त्रज्ञसाहेबांची तक्रार तिथं बरीच मिटते. सुरुवातच अशी: आपण घरात बसलोय आणि आपणच, दहा वर्षांनी मोठे झालेले, दारात येऊन सांगतो की मला अडकवलंय, इतिहासात फेरफार केल्याचा आळ आलाय, मला सोडव. मग पुरावे गोळा करत लिओनार्दोच्या कारखान्यात जायचं, चिचेन इत्झाला जायचं, अंतराळातल्या एका प्रयोगशाळेत जायचं. तिथं आर्थर नावाची बडबडी कृत्रिम बुद्धी भेटते आणि सोबत येते. आर्थरचे विनोद निम्मे पडेल असतात, पण रात्री एकटं खेळताना सोबत बरी वाटते.

आणि जायचं आहे शातो गयार या किल्ल्यात. फ्रान्समधला, सेन नदीच्या काठावर, इंग्लंडच्या रिचर्डनं बांधलेला. गेममधलं साल १२०४, म्हणजे फ्रान्सच्या राजानं वेढा घालून तो जिंकला ते वर्ष.

हा आकडा बघून मी खेळ थांबवून उठलो. कारण आमच्या बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती, म्हणजे तिथलं जैन मंदिर, १२०४चीच आहे! रट्टांचा राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बिचिराज, त्यानं बांधली. तिथले त्याच सालचे शिलालेख आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. लहानपणापासून आजीबरोबर त्या बस्तीत जातोय, पण १२०४ साल म्हणजे नेमकं केव्हा हे मला त्या गेमनं कळवलं. तिकडं शातो गयारच्या भिंती पडत होत्या तेव्हा इकडं आमचे पाथरवट छताचं कमळ कोरत होते.

ते कमळ ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी जाऊन बघा. मंडपात मधोमध उभं राहून वर बघायचं. दगडाचं कमळ उलटं लोंबतंय, बहात्तर पाकळ्या. चोवीस तीर्थंकर भूतकाळाचे, चोवीस वर्तमानाचे, चोवीस भविष्याचे. कालयंत्राचं याहून चांगलं चित्र कुठल्या स्टुडिओनं काढलं असेल तर दाखवा.

फ्लॉपीवाला
कमळबस्ती भाऊ, काय प्रतिसाद दिलात! तीन वेळा वाचला. बेळगावला आलो की तुमच्याबरोबरच बस्तीत येणार.

कमळबस्ती
भाऊ नाही, ताई. शहापूरची. आमच्या बेळगावात बायकाही 'मी गेलो, मी आलो'च म्हणतात. पुण्यात हॉस्टेलला होतो तेव्हा याच्यावरून चार वर्षं हसले सगळे. मी काही बदललो नाही.

फ्लॉपीवाला
माफ करा ताई! कोल्हापूरकर असून चुकलो, म्हणजे डबल माफी. आमची आजीसुद्धा 'मी जातो' म्हणायची.

बारावी_नापास_शास्त्रज्ञ
ताई, दुसरा भाग मी अर्धवट सोडला होता, पुन्हा घेतो. तुमचा १२०४चा योगायोग वाचून एक खाज उठली. शातो गयारऐवजी आपल्या किल्ल्यात घडणारा गेम का करू नये? अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ हा गेम बनवायचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, जगभरचे हौशी लोक त्यावर असले गेम करतात. बस्ती १२०४, अधिवेशन १९२४, आणि आज. तीनच काळ. आणि मी म्हणतो तसं, एका काळात केलेलं दुसऱ्यात दिसलं पाहिजे.

गोकाकचा_करदंट
उदाहरणार्थ?

बारावी_नापास_शास्त्रज्ञ
उदाहरणार्थ, अधिवेशनासाठी विहीर खोदताहेत. त्या मातीत बिचिराजाच्या माणसानं सातशे वर्षांपूर्वी काहीतरी पुरून ठेवलंय. ते काय असावं हे १२०४ मध्ये आपण ठरवायचं.

कमळबस्ती
चालेल. पण बस्तीतल्या कुठल्याही वस्तूला हात लावून ती 'उचलायची' नाही. अ‍ॅडव्हेंचर गेमवाल्यांना दिसेल ते खिशात घालायची सवय असते. आमचे शिलालेख एकदा उचलून झालेत, तेवढं पुरे.

खानापुरी_पाऊस
हा हा हा! ताई, इथं टाळ्या.

गोकाकचा_करदंट
पात्रं बोलणार कुठल्या भाषेत? १२०४ला तर जुनं कन्नड.

फ्लॉपीवाला
आधी अक्षरं तरी नीट दिसू देत. मी हौसेनं एकदा त्यात मराठी संवाद टाकून बघितले होते. जोडाक्षरं सगळी फुटली, 'प्रश्न' विचारला तर पडद्यावर 'प् रश् न'. शेवटी प्रत्येक वाक्याचं चित्र करून डकवलं. चार वाक्यांत हौस फिटली.

बारावी_नापास_शास्त्रज्ञ
मग कमी बोलणारी पात्रं घेऊ. मास्तरांची आत्या घेऊ. काजू देते आणि जाते.

निवृत्त_मास्तर
आत्या कमी बोलणारी नव्हती.

पहिलं_रेल्वेगेट
नऊ दिवसांनी येतोय. खेळलो. संपवला.

पहिल्या दिवशी बायकोनं विचारलं, रात्री साडेअकराला काय चाललंय? म्हटलं, ऑफिसचं काम आहे. खोटं नव्हतं, एजन्सीत कामालाच होतो.

लाट आली तेव्हा खरं सांगतो, हात थरथरले. किल्ली घेतली, यंत्रात शिरलो, आणि सुटलो. इतकं सोपं! पंधरा दुपारींत जे एकदाच जमलं ते चाळीस सेकंदांत. म्हणजे आम्ही मठ्ठ नव्हतो, मशीनच मंद होतं. हे भिडूला लगेच कळवलं, त्याचा अंगठा आला.

मंगळावर मुखवट्यात हवा भरायला विसरलो आणि चक्रव्यूहात मेलो. फ्लॉपीवाले, तुम्ही स्वच्छ लिहून ठेवलं होतं, तरी. दुसऱ्यांदा नकाशा बघत बघत निघालो. तळावर मुखवटा चढवूनच पाऊल टाकलं. विज्ञानकेंद्रात बाण लागला आणि रेणू जुळवण्यात दोन रात्री गेल्या. दहावीला रसायनात मला बेचाळीस होते, आता सगळ्यांना कळलं असेल का ते. शेवटी मुलीला हाक मारली. ती नववीत आहे. खुर्ची ओढून बसली आणि वीस मिनिटांत उतारा तयार. वर विचारते, 'पप्पा, याच्यात फिरताना कॅमेरा का वळत नाही?' काय सांगू, बाळ, आमच्या काळी मानच वळायची नाही.

शास्त्रज्ञसाहेब, तुमचं पटलं, तिन्ही काळ खोल्यांसारखेच आहेत. पण मला वेगळंच काहीतरी जाणवलं. दांडगाईचा रस्ता समोर दिसत असतो, जवळचा असतो, आणि गेम अडवत नाही. फक्त शेवटी मोजतो. एका जागी रोबॉटला उडवायची संधी होती आणि बोट माउसवर होतं. मुलगी म्हणाली, 'मार की!' मी म्हटलं, थांब, कुंद्याचा प्रश्न आहे.

काल रात्री शेवटचा प्रसंग झाला, गुणांची पाटी आली. कॅल्डोरिया, एजन्सी, मंगळ, सगळ्यांचे गुण. आणि त्यात गांधी. फोटो काढून ठेवलाय.

भिडूला फोन लावला. इथं रात्रीचे साडेबारा, तिकडं अकरा. पाटी वाचून दाखवली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'पूर्ण मिळाले काय रे गांधीचे?' म्हटलं, पूर्ण. म्हणाला, 'मला पूर्ण मिळाले नव्हते. एका रोबॉटला मी उडवला होता. तुला सांगितलं नव्हतं.'

आता मला एक सांगा. पैज 'गांधी बोनस आहे की नाही' एवढीच होती, म्हणून कुंदा मी देणं लागतो हे कबूल. पण त्यानं सव्वीस वर्षं 'मारामारी न करता पुरा केला' म्हणून सांगितलं, त्याचं काय?

कमळबस्ती
अर्धा किलोतला पाव कापून घ्या.

खानापुरी_पाऊस
कापायचा कशाला, पुरा द्या. पण आखातात पाठवू नका, गणपतीला येऊन घेऊन जा म्हणावं.

निवृत्त_मास्तर
नातू विचारतो, दुसऱ्या भागाला किती पैसे पडतात.